ताईचे चौदाशे

८ जानेवारी

डायलिसिसच्या सिस्टरने आज पुन्हा दम दिला. "काका, रोजचं वजन आणि प्यायलेलं पाणी लिहून ठेवायचं. तोंडी हिशेब आता चालणार नाही." घ्या! उभा जन्म मी वजनकाटे दुरुस्त केले. वाण्याच्या काट्यापासून सोनाराच्या काट्यापर्यंत निम्म्या गावाचे काटे माझ्या हाताखालून गेलेत, आणि ही पोरगी मला हिशेब शिकवते. असो. तिने दिलेल्या वहीत नुसतं वजन आणि पाणी लिहिलं तर पानं वाया जातील, म्हणून बाकीचंही लिहीन.

वजन बासष्ट किलो. पाणी एक लिटरच्या आत.

वही नवी आहे, तिला काही ठाऊक नाही, तेव्हा एकदाच सांगून टाकतो. माझ्या दोन्ही किडन्यांनी हात वर केलेत. एकाआड एक दिवस मशीनशेजारच्या खुर्चीत बसायचं. मशीन रक्त धुतं आणि मी प्यायलेलं पाणी पिळून काढतं. म्हणून पाणी मोजून, मीठ मोजून, आणि केळं-संत्रं तर लांबूनसुद्धा बघायचं नाही. कुणाची तरी किडनी मिळावी म्हणून यादीत नाव आहे, पण यादी सरकेल तर शपथ. बायकोचा रक्तगट जुळत नाही, शिवाय तिला साखर आहे. गेल्या वर्षी ताई म्हणाली, "माझी घे की." मी असा ओरडलो, असा ओरडलो, की शेजारचे दारात येऊन उभे राहिले. आई गेली तेव्हा मी चड्डीत होतो. ताईने मला वाढवलं, स्वतःची शाळा सोडून. तिने द्यायचं ते सगळं देऊन झालंय. आता तिच्या अंगाला चाकू लावून मी जगायचं? विषय बंद म्हणजे बंद.

ताईने त्यानंतर तो विषय कधीच काढला नाही. समजूतदार आहे बाई.

१७ जानेवारी

ताई आली. ती येण्याआधी जिन्यातून तिचा वास येतो, भाजलेल्या पावाचा. तिची बेकरी आहे. पहाटेपासून भट्टीपुढे उभी असते आणि दुपारी केकवर फुलं काढते. हात सोन्याचे, जीभ तिखट, आणि देह म्हणाल तर मैद्याचं पोतं. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच म्हणते.

बसली, धापा टाकल्या आणि म्हणाली, "काट्या, मला बारीक व्हायचंय."

मला सगळे काटेवाले म्हणतात. काट्या म्हणायचा हक्क तिचा एकटीचा. मी हसलो.

"दात काढू नकोस. तुझा तो मोठा काटा आण."

आणला. चौऱ्याऐंशी किलो. दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर पट्टी धरली आणि उंचीही मोजली. ती म्हणाली, "बहात्तरच्या खाली जायचंय."

"बहात्तरच का?"

"गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला."

मला हा डॉक्टर आवडला. बाकीचे मेले "थोडं कमी करा, जरा चाला" असं हवेत बोलतात. याने आकडा दिला. मी तसं बोलूनही दाखवलं. तेवढ्यात बायको गाडीची किल्ली शोधायला म्हणून आत गेली. किल्ली तिच्या हातातच होती. ही दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे घरी आल्यावर तिचं डोकं ठिकाणावर नसतं.

वजन त्रेसष्ट. पाणी एक लिटर.

२० जानेवारी

आकडा निघाला. डायलिसिसला आमच्याकडे एक आहारवाली बाई येते, तिच्याकडून रीत समजून घेतली. कुणासाठी हवंय, असं तिने विचारलं. म्हटलं, बहिणीसाठी, गुडघे दुखतात. ती म्हणाली, "हो का? छान," आणि मान खाली घालून फायली चाळायला लागली. बिचारीला खूप काम असतं.

रीत अशी. वजन, उंची आणि वय यांवरून आधी हे काढायचं की माणूस दिवसभर नुसता लोळत पडला तरी शरीर किती कॅलरी जाळतं. ताईचं उत्तर चौदाशेला जरासं कमी आलं. मग कामाप्रमाणे त्याला गुणायचं. ताई दिवसभर उभी असते, पण धावत नाही, म्हणून खालून दुसरा गुणक धरला. झाले एकोणीसशे. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथे राहणार. त्यातून पाचशे वजा, म्हणजे वजन हळूहळू पण नक्की उतरणार. उरले चौदाशे.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लोळत पडल्यावर जेवढं लागतं तेवढंच खायचं, आणि काम मात्र उभ्याने करायचं?"

"बरोबर."

"तुझ्या गणिताला आग लागो," म्हणाली, आणि लगेच, "चालेल. तक्ता करून दे."

२३ जानेवारी

तक्ता केला. माझा स्वतःचा भिंतीवर आहेच, सिस्टरने मंजूर केलेला. तोच पुढे ठेवला आणि आकडे बदलले. सकाळी अंडी आणि ब्रेडचा एक तुकडा, दुपारी वाटीभर भात, भाजी, काकडी, रात्री सूप. प्रत्येकापुढे ग्रॅम. मीठ बेताचं. पाणी एक लिटर. केळं, संत्रं, टोमॅटो वर्ज्य. तिला घरचा छोटा काटाही दिला. मी स्वतः तपासलेला आहे, एका ग्रॅमलासुद्धा इकडचा तिकडे होत नाही.

तिने तक्ता बेकरीच्या आतल्या खोलीत ओव्हनशेजारी लावला. वाचता वाचता पाण्यापाशी थांबली. "एक लिटर? भट्टीपुढे?"

"मी नाही का राहत?"

म्हणाली, "हो रे, तू राहतोस. मग मीही राहीन."

२५ फेब्रुवारी

महिना झाला. ताईचं वजन चौऱ्याऐंशी. ढिम्म!

माझ्या अंगाचा तिळपापड. काटा तीनदा तपासला, काटा चोख आहे. ताई शपथेवर सांगते की तक्त्याबाहेर घास घेतला नाही, आणि ताई खोटं बोलत नाही. म्हणजे चूक गणितात, म्हणजे माझ्यात. डोकं चालेना.

वजन चौसष्ट. पाणी जास्त झालं, रागाच्या भरात.

२८ फेब्रुवारी

आज मशीनची सुट्टी होती. बेकरीत जाऊन कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. ताई म्हणाली, "पोलीस बसवलाय की काय माझ्यावर?" मी नुसता बघत राहिलो.

आणि सापडलं! क्रीम फेटून झालं की बोटावर घेऊन जिभेला. सारण शिजलं की चमचाभर. बिस्किटांचा घाणा निघाला की त्यातलं एक मोडून अर्धं तोंडात. ती खात नव्हती, चव घेत होती! तिला पत्ताच नाही. हात आपोआप तोंडाकडे जातो, वर्षानुवर्षांची सवय. मी म्हटलं, आता जिभेला लावायचं ते आधी माझ्या काट्यावर ठेव. दुपारपर्यंत एका बशीत नुसत्या चवीचा ढीग जमला. हिशेब केला तर साधारण पाचशे कॅलरी. मी वजा केलेले पाचशे ती बोटाने परत आत घालत होती.

ताई बशीकडे बघत खुर्चीत बसली. मला वाटलं, आता हसेल. हसली नाही. म्हणाली, "पूर्ण महिना वाया घालवला मी." आवाज असा, की कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय. गुडघ्यांचा एवढा त्रास होत असेल असं मला वाटलं नव्हतं.

१९ मार्च

मान गये! (असं मी सहसा लिहीत नाही.) ताईने चव घेणं बंद केलं ते केलंच. तिच्याकडे केक सजवणारी एक मुलगी आहे, काडीसारखी. आम्ही तिला क्रीमवाली म्हणतो. चव घ्यायचं काम आता तिचं. ताई नुसतं नाकाने ओळखते. भांड्यावर वाकते, डोळे मिटते आणि सांगते, "साखर एक चमचा कमी आहे." क्रीमवाली चाखते आणि मान डोलावते. मी चार वेळा पारखून पाहिलं, चारही वेळा ताईचं नाक बरोबर.

दिवसभर लोण्यासाखरेत हात बुडवून उपाशी राहायचं ही काय खायची गोष्ट आहे? मला पाणी मोजून प्यायला लागतं, तर मी नळाकडे पाठ करून बसतो. ती मात्र नळाखालीच उभी आहे म्हणा ना.

वजन: ताईचं साडेब्याऐंशी, माझं बासष्ट.

६ एप्रिल

आज फजिती झाली. क्रीमवालीला सर्दी, ताईच्या नाकात मैदा, आणि वाढदिवसाच्या केकमध्ये साखरेच्या जागी मीठ. गिऱ्हाईक दारात येऊन नाचलं. ताईने केक परत घेतला, दुसरा करून स्वतः त्यांच्या घरी पोचवला, तोही पायी. परत आल्यावर मला म्हणाली, "बघ, चालणंही झालं. लिही तुझ्या तक्त्यात." मी लिहिलं.

मी म्हटलं, "एक दिवस चव घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?"

म्हणाली, "एक दिवसाने बिघडतं रे." आणि ओट्यावरचं मीठ पुसायला लागली.

२२ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. हातावरची जी नस फुगवून तिच्यात सुया घालतात ती अचानक बंद पडली. गळ्यातून नळी घालून डायलिसिस केलं. नस कशीबशी उघडली आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी उघडेलच असं नाही. मी विचारलं, यादी? ते म्हणाले, यादी लांब आहे. मी घाबरलो. कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितो.

ताई दवाखान्यात आली, माझ्या गळ्यातली नळी पाहिली आणि तिथेच विचारलं, "काट्या, चौदाशेचे आठशे केले तर?"

"वेडी आहेस का? भट्टीपुढे चक्कर येऊन पडशील."

"लवकर उतरेल ना पण?"

"चरबीआधी अंगातलं मांस उतरेल. आणि घाई कशाची एवढी? गुडघे काय पळून चाललेत?"

बायको एकदम म्हणाली, "अहो, सांगा ना तिला निदान हजार!" मी दोघींना झापलं. मी गळ्यात नळी घेऊन पडलोय आणि या बायकांना कॅलरीचं पडलंय! आकडा चौदाशेच राहील असं ठणकावलं.

१५ मे

शेजारच्या खुर्चीतले मास्तर गेले. नस बंद पडली, दुसरी मिळाली नाही. सिस्टरने खुर्चीवरची चादर बदलली आणि दुसऱ्या माणसाला बसवलं. मास्तर बर्फाचा खडा चघळताना मला डोळा मारायचे. आज बर्फ घेतलाच नाही.

ताई साडेअठ्ठ्याहत्तर. एकटी तीच या घरात काहीतरी जिंकतेय. तिचा ब्लाउज खांद्यावरून उतरतो, तर पिन लावते. नवा शिवत नाही, म्हणते, "अजून उतरायचंय." माझी ताई म्हणून नाही सांगत, पण असं माणूस मी बघितलं नाही. मी आयुष्यभर काट्यांना शिस्त लावली. ही स्वतःला लावते, आणि वर दिवसभर गाणं गुणगुणते.

२ जून

ताईच्या कोपराच्या खोबणीत कापूस चिकटवलेला. विचारलं तर म्हणे, बेकरीच्या परवान्यासाठी तपासणी. बरोबर आहे, खाण्याचा धंदा आहे. तिच्या घरच्या फ्रिजमध्ये कापडी पिशवीत गुंडाळलेला मोठा कॅन होता. बर्फ आहे का बघायला गेलो तर किंचाळली, "हात लावू नकोस! खमीर आहे!" एवढं खमीर? म्हटलं, मोठी ऑर्डर असेल.

९ जून

काय झालंय कळत नाही. बायकोसोबत बेकरीत गेलो तर शटर अर्धं खाली. आत ताई मैद्याच्या गोणीवर बसून रडत होती. ताई! आई गेली तेव्हाही माझ्यासमोर रडली नाही ती.

"नापास झाले," म्हणाली.

"कशात?"

"तपासणीत."

मी म्हटलं, "परवाना नाही मिळाला तर पुन्हा अर्ज करू. त्यात रडायचं काय?" तशी आणखीच रडायला लागली. बायकोने तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. मग तिची नजर ओव्हनशेजारच्या तक्त्यावर गेली. मग ही जी माझ्यावर कडाडली! शिकाऊ माणसाने भिंतीवर गाडी घातली तरी एवढी ओरडत नाही. "एक लिटर पाणी? भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला? या उन्हाळ्यात? अहो, डोकं आहे की दगड?"

"माझ्या तक्त्यात तेवढंच..." एवढं म्हणालो आणि लक्षात आलं.

तो तक्ता माझा होता. किडन्या बंद पडलेल्या माणसाचा. मी त्यातले कॅलरीचे आकडे बदलले आणि पाणी, मीठ, केळं, संत्रं सगळं तसंच उतरवून काढलं. माझ्या डोक्यात पाणी म्हणजे विष हे इतकं घट्ट बसलंय, की दुसऱ्याला ते लागतं हे सुचलंच नाही. आणि तिने उन्हाळाभर निमूट पाळलं. का? तर मी पाळतो म्हणून.

माठातून तांब्याभर पाणी काढून तिच्यापुढे धरलं. "पी. ताई, पी. पाहिजे तेवढं पी." तिने एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तू मान फिरव रे. तुझ्यासमोर पाणी पिताना मला लाज वाटते."

मी मान फिरवली. आणखी एक तांब्या भरला.

१२ जून

आहारवालीला तक्ता दाखवला. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "हा तुमचा आहे काका, त्यांचा नाही. पाणी कमी पडलं की रक्ताच्या तपासणीत आकडा चढलेला दिसतो. पाणी पिऊ दे त्यांना, परत तपासतील." मी विचारलं, बेकरीच्या परवान्याला रक्तात हे कशाला बघतात? ती म्हणाली, "हल्ली फार कडक झालंय."

खरंच झालंय.

२८ जून

तपासणी पास! ताईने स्वतः फोन केला. ओरडत होती. बायकोने भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, शिकणारीला मागे बसवलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. हे मला त्या शिकणाऱ्या मुलीने सांगितलं. परवान्यासाठी माणसं एवढी रडतात हे मला नवीन.

माझा मात्र जीव भांड्यात पडला. माझ्यामुळे तिचं काही बिघडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

२० जुलै

ताईचं वजन पंच्याहत्तरवर अडलं. शरीर हलकं झालं की मागणं कमी करतं, जुना आकडा ढिला पडतो. परत गणित मांडलं. तेराशेवर यायला हवं. ताईला सांगताना जड गेलं. चौदाशेत तिने संसार बसवला होता, त्यातला ब्रेडचा तुकडा कोणत्या तोंडाने काढून घेऊ?

म्हणाली, "चौदाशेच राहू दे. उरलेले शंभर मी चालून फेडते." आणि तेव्हापासून मी डायलिसिसला असतो तेव्हा ती बेकरीतून चालत येते, खुर्चीशेजारी बसते, माझी टर उडवते आणि चालत परत जाते. भर पावसात, हातात पाण्याची बाटली. माझ्यासमोर आली की बाटली पिशवीत लपवते.

सिस्टरला म्हटलं, "बघा, ही माझी बहीण. गुडघ्यांसाठी एवढं करते."

सिस्टर म्हणाली, "हो ना काका. गुडघे भारी लाडके दिसतात."

३० ऑगस्ट

सकाळचंच लिहितो.

डॉक्टरांनी बोलावलं, बायको घेऊन गेली. म्हणाले, "तुमच्यासाठी डोनर मिळालाय. जिवंत डोनर, तपासण्या पूर्ण, सगळं जुळतंय." कोण? कुणा देवमाणसाला माझी दया आली? डॉक्टर म्हणाले, "फक्त वजनाची अट होती. आज शेवटचं बघायचं आहे." आणि दार उघडून ताई आत आली.

चपला काढल्या. डॉक्टरांच्या काट्यावर चढली. एकाहत्तर किलो आठशे.

मी तिथे उभा राहून एक एक करत सगळं मागे मोजलं. बहात्तरचा आकडा. कापूस. खमीर म्हणून लपवलेली तपासणीची लघवी. पाणी. आठशे करतोस का. शंभर चालून फेडते. महिनोन् महिने गणित मी मांडत होतो, आणि उत्तर माझ्याच समोर काटा घेऊन उभं होतं. मी म्हणालो, "नाही. मी घेणार नाही," आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.

ताई येऊन शेजारी बसली. पूर्वी अख्खा बाक भरायची, आता माझ्यासाठी जागा उरली.

"खोटं बोललीस तू," मी म्हटलं.

"बोलले. गुडघे ठणठणीत आहेत. पण उपाशी खरीखुरी राहिले, ते तरी मानशील?"

"तू आधीच मला..."

"गप रे. आईने जाताना मला सांगितलं होतं का, एवढंच दे आणि मग थांब म्हणून?" मग माझा हात हातात घेतला, सुयांनी गाठी झालेला. "काट्या, मला तू हवायस. बेकरीत कोपऱ्यात स्टूल टाकून माझ्यावर डाफरणारा. मास्तरांची खुर्ची मी बघितली. तुझी रिकामी बघायला मी नाही येणार."

मी रडलो, भर दवाखान्यात. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. डॉक्टर दारात उभेच होते. "किडनीचं वजन किती असतं हो?"

"दीडशे ग्रॅम, साधारण."

ताई म्हणाली, "ऐकलंस? मी बारा किलो सोडले, आणि तुला दीडशे ग्रॅम जड झाले?"

हो म्हणालो.

१८ सप्टेंबर

मंजुरीसाठी समितीपुढे जायचं होतं. तिथे देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात की कुणी जबरदस्ती तर केली नाही ना. ताई बाहेर आली ती हसतच. आतले साहेब लोकही हसत होते.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, केली ना जबरदस्ती. मी, भावावर."

११ ऑक्टोबर

ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा पेन धरतोय. अक्षर वाकडं आहे. ताईने दिलेली किडनी कामाला लागली आहे. सिस्टर पाण्याचा जग घेऊन आली आणि म्हणाली, "प्या काका. खूप प्यायचंय आता." मी सवयीने पेला अर्धाच भरला. तिने हात धरून काठोकाठ भरला. मोजायचं काम आता तिचं, माझं नुसतं प्यायचं. एवढं गार, एवढं गोड! ताईला पलीकडच्या खोलीत निरोप पाठवला की मी पितोय, आणि तिनेही प्यावं.

१३ ऑक्टोबर

ताई आज भिंतीला धरत धरत माझ्या दारापर्यंत आली. तोंडाला मास्क, एक हात कुशीवर, केस विस्कटलेले. आत यायला परवानगी नाही, म्हणून उंबऱ्यावरच उभी राहिली. मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण दोघांच्याही पोटाला टाके होते.

"काट्या, वही आहे का?"

"आहे."

"मग लिही. माझे दीडशे ग्रॅम उतरले, तेही उपाशी न राहता. तुझ्या गणितात धरले नव्हतेस."

"काट्यावर उभी राहा, मग लिहितो."

"मेल्या, मरता मरता वाचलास तरी काटा सुटत नाही?" असं म्हणून हसायला गेली आणि टाके दुखले म्हणून हसता हसता कण्हली. मग मास्कच्या वरून डोळे पुसत सिस्टरला म्हणाली, "याला विचारा, मला केळं खाल्लं तर चालेल का?"

मी म्हटलं, "दोन खा."

वजन बासष्ट किलो, पैकी दीडशे ग्रॅम ताईचे. पाणी भरपूर.